७४१, ३५८, टीएल०८१ की ओपी०७? कॉलेजच्या ऑप-अ‍ॅम्प प्रॅक्टिकलसाठी कोणती आयसी घ्यावी

आधी निकाल सांगतो, मग कारणं. डिप्लोमाला किंवा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला ऑप-अ‍ॅम्पची (दोन इनपुटमधला फरक वाढवणाऱ्या आयसीची) प्रॅक्टिकल्स सुरू होत असतील आणि तीच सर्किट्स घरी ब्रेडबोर्डवर लावून बघायची असतील, तर टीएल०८१ किंवा टीएल०७१ चार नग, ७४१ दोन नग, एलएम३५८ दोन नग आणि ओपी०७ एक नग घ्या. रोजच्या वापराला टीएल०८१. मर्यादा मोजायला ७४१. बॅटरीवर किंवा अर्डुइनोच्या ५ व्होल्टवर चालणाऱ्या सर्किटला ३५८. मिलिव्होल्टच्या आतलं डीसी सिग्नल असेल तेव्हाच ओपी०७. एकाच आयसीवर अख्खं वर्ष काढता येतं, पण मग आउटपुट बिघडलं की चूक सर्किटची की आयसीची, हे कळायला मार्ग उरत नाही. रेझिस्टर तेच, वायर त्याच, फक्त आयसी काढून दुसरी बसवायची आणि काय बदललं ते बघायचं, एवढ्यासाठी हा सगळा संच.

सुरुवात ७४१ पासून, कारण जर्नलच्या आकृत्यांत तीच असते. फेअरचाइल्डने ती १९६८ साली आणली, डिझाइन डेव्ह फुलागर यांचं. त्याआधीच्या ७०९ ला ऑसिलेशन थांबवण्यासाठी बाहेरून कपॅसिटर आणि रेझिस्टर लावावे लागत. ७४१ मध्ये ३० पिकोफॅरडचा कपॅसिटर चिपवरच बसवला, आउटपुटला शॉर्ट-सर्किट संरक्षण दिलं, आणि नवख्या माणसाच्या हातूनही सहज न जळणारी आयसी तयार झाली. अभ्यासक्रमात ती टिकली ती याच गुणावर, आणि तो गुण आजही खरा आहे. आउटपुट ग्राउंडला चिकटलं तरी साधारण २५ मिलिअँपियरवर करंट अडतो आणि आयसी वाचते. चुका करत शिकायचं असेल तर हा मोठा आधार आहे.

पण तोच ३० पिकोफॅरड तिचा वेग खातो. स्ल्यू रेट ०.५ व्होल्ट प्रति मायक्रोसेकंद, म्हणजे आउटपुट एका मायक्रोसेकंदात अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त हलूच शकत नाही. जर्नलमधली सगळ्यात जास्त चुकीची निरीक्षणं इथून येतात. इन्व्हर्टिंग अ‍ॅम्प्लिफायर, गेन १०, म्हणजे इनपुटला १० के (किलो-ओहम) आणि फीडबॅकला १०० के. युनिटी गेन बँडविड्थ (गेन एकवर येतो ती फ्रीक्वेन्सी) १ मेगाहर्ट्झ धरली तर फ्रीक्वेन्सी रिस्पॉन्स ९० किलोहर्ट्झच्या आसपास ३ डीबीने पडायला हवा. विद्यार्थी इनपुटला पीक-टू-पीक १ व्होल्ट देतो, आउटपुट पीक-टू-पीक १० व्होल्ट येतं, आणि १६ किलोहर्ट्झ ओलांडल्यावर साइन वेव्ह तिरकी होऊ लागते. ३० किलोहर्ट्झला तो उघड त्रिकोण असतो. त्याची उंची मोजून ग्राफ काढला की बँडविड्थ तीस-पस्तीस किलोहर्ट्झ येते, आणि व्हायवाला ‘थिअरीशी जुळत का नाही’ या प्रश्नावर सगळे गप्प. मोजायला घेतली होती बँडविड्थ, मोजला गेला स्ल्यू रेट. उपाय सोपा आहे. आउटपुट अर्धा व्होल्ट पीकच्या आत ठेवा, म्हणजे गेन १० असताना इनपुट ५० मिलिव्होल्ट पीकच्या आत. फंक्शन जनरेटर एवढं खाली जात नसेल तर त्याच्या आउटपुटला १० के आणि १०० ओहमचा डिव्हायडर लावा. अर्ध्या व्होल्ट पीकला स्ल्यू रेटची आड १५९ किलोहर्ट्झवर येते, तोवर खरी बँडविड्थ दिसून गेलेली असते. सूत्र एकच: कमाल फ्रीक्वेन्सी म्हणजे स्ल्यू रेट भागिले (६.२८ गुणिले पीक व्होल्टेज). १० व्होल्ट पीकला ७४१ साठी उत्तर ८ किलोहर्ट्झच्या जेमतेम खाली येतं. साध्या ऑडिओ सिग्नललाही हे कमीच.

स्ल्यू रेट मुद्दाम मोजायचा असेल तर ७४१ सारखी आयसी नाही, कारण तिचा कोपरा साध्या २० मेगाहर्ट्झच्या सीआरओवरही (ऑसिलोस्कोपवरही) लख्ख दिसतो. पिन २ आणि ६ जोडा, पिन ३ ला १० किलोहर्ट्झची पीक-टू-पीक १० व्होल्टची स्क्वेअर वेव्ह द्या. चढण सरळ तिरक्या रेषेत येईल. दहा टक्क्यांपासून नव्वद टक्क्यांपर्यंतचे ८ व्होल्ट चढायला १६ मायक्रोसेकंदांच्या आसपास लागतील. रेषा सरळ आहे का हे नीट बघा. वक्र असेल तर बँडविड्थची मर्यादा, सरळ असेल तर स्ल्यू रेटची.

७४१ चा दुसरा धडा इंटिग्रेटरमध्ये आहे. पुस्तकातला शुद्ध इंटिग्रेटर, म्हणजे इनपुटला १० के आणि फीडबॅकमध्ये फक्त ०.१ मायक्रोफॅरड, लावा आणि इनपुट ग्राउंडला जोडा. आउटपुट शून्यावर राहायला हवं, पण ते सरकत सरकत काही सेकंदांत १३-१४ व्होल्टला जाऊन बसतं. हिशेब असा: ऑफसेट व्होल्टेज (दोन्ही इनपुट समान असतानाही आयसीला जाणवणारा फरक) २ मिलिव्होल्ट, आर गुणिले सी १ मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाला २ व्होल्ट. वर बायस करंट (इनपुट पिनमधून वाहणारा बारीक करंट) ८० नॅनोअँपियर, तो ०.१ मायक्रोफॅरडला सेकंदाला ०.८ व्होल्टने भरतो. दोन्हींची दिशा एक असेल तर पाच सेकंदांत सॅच्युरेशन. सीआरओ एसी कपलिंगवर असेल तर पडद्यावर दिसते एक सपाट रेघ, आणि विद्यार्थी जनरेटरची वायर तपासत बसतो. ऑप-अ‍ॅम्पच्या प्रॅक्टिकलला सीआरओ कायम डीसी कपलिंगवर ठेवा. कपॅसिटरच्या समांतर १०० के लावला की आउटपुट जागेवर येतं. मात्र मग ते सर्किट साधारण १६ हर्ट्झच्या वरच खरं इंटिग्रेशन करतं. प्रत्यक्षात १६० हर्ट्झच्या खाली भरवसा ठेवू नका. १ किलोहर्ट्झची, अधिक-उणे १ व्होल्टची स्क्वेअर वेव्ह दिली तर पीक-टू-पीक अर्ध्या व्होल्टचा त्रिकोण यायला हवा. तो पाव व्होल्टचा आला तर कपॅसिटर ०.१ ऐवजी ०.२२ चा लागलाय का ते आधी बघा, १०४ आणि २२४ हे छाप घाईत सारखेच दिसतात.

आता टीएल०८१. माझ्या मते पहिली खरेदी हीच. इनपुटला जेफेट (जवळजवळ करंट न घेणारे ट्रान्झिस्टर) आहेत, बायस करंट पिकोअँपियरमध्ये, स्ल्यू रेट १३ व्होल्ट प्रति मायक्रोसेकंद, बँडविड्थ ३ मेगाहर्ट्झ. हे जुन्या डेटाशीटचे नेहमीचे आकडे, नव्या उत्पादनात त्याहून थोडे चांगले. पिना ७४१ सारख्याच: २ उणे इनपुट, ३ अधिक इनपुट, ४ उणे सप्लाय, ६ आउटपुट, ७ अधिक सप्लाय. ७४१ काढली, ही बसवली, बाकी काही हलवायचं नाही. टीएल०७१ म्हणजे याच घराण्यातली कमी नॉइजची, प्रॅक्टिकलला दोन्ही सारख्याच. टीएल०७२ आणि टीएल०८२ मध्ये दोन ऑप-अ‍ॅम्प असतात आणि पिना ३५८ प्रमाणे, हे दुकानात नीट सांगा. ‘टीएल सिरीज द्या’ म्हणालात तर बहुतेक वेळा ०७२ हातात येते आणि ७४१ च्या आकृतीप्रमाणे लावली की चालत नाही.

बदल बघायला सर्वांत चांगलं सर्किट म्हणजे स्क्वेअर वेव्ह जनरेटर. फीडबॅकच्या डिव्हायडरमध्ये १० के, १० के, टायमिंगला आणखी एक रेझिस्टर आणि कपॅसिटर. १० के आणि ०.१ मायक्रोफॅरडला पीरियड २.२ मिलिसेकंद, म्हणजे साधारण ४५५ हर्ट्झ. इथे ७४१ आणि टीएल०८१ दोन्ही छान दिसतात. आता कपॅसिटर ०.०१ करा, मग टायमिंगचा रेझिस्टरही घटवत ५ किलोहर्ट्झपर्यंत या. प्लस-मायनस १५ व्होल्टवर ७४१ ला एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जायला, म्हणजे सुमारे २६ व्होल्ट हलायला, ५२ मायक्रोसेकंद लागतात, आणि अर्धा पीरियड आहे फक्त १००. स्क्वेअर वेव्हचा समलंब चौकोन होतो, फ्रीक्वेन्सीही सूत्रापेक्षा कमी येते. त्याच जागी टीएल०८१ ला तेवढ्या प्रवासाला २ मायक्रोसेकंद पुरतात. कडा उभ्या, फ्रीक्वेन्सी सूत्राच्या जवळ.

प्रिसिजन रेक्टिफायरमध्येही हाच फरक. एका डायोडच्या साध्या सर्किटमध्ये निगेटिव्ह अर्ध्या भागात आउटपुट पार उणे १४ ला जाऊन पडलेलं असतं, तिथून परत वर यायला ७४१ ला तीसेक मायक्रोसेकंद लागतात. १०० हर्ट्झला कळत नाही, १ किलोहर्ट्झला सुरुवातीची किनार कापलेली दिसते, १० किलोहर्ट्झला रेक्टिफायर उरतच नाही. दोन डायोडचं इन्व्हर्टिंग सर्किट आणि टीएल०८१ घ्या. डायोड १एन४१४८ च हवेत. लॅबच्या ड्रॉवरमध्ये १एन४००७ मुबलक असतात म्हणून तेच लावले जातात, आणि ते बंद व्हायला इतका वेळ घेतात की दोष उगाच ऑप-अ‍ॅम्पवर येतो.

टीएल०८१ चे दोष दोन, आणि दोन्ही खरेदीपूर्वी माहीत हवेत. पहिला, ऑफसेट. नेहमीचा ३ मिलिव्होल्ट, पण डेटाशीट १५ पर्यंत मुभा देते. डीसीला ही ७४१ पेक्षा वाईट निघू शकते. वरच्याच इंटिग्रेटरमध्ये १० के असताना ती ७४१ इतक्याच घाईने सरकते, कारण तिथे ऑफसेट व्होल्टेज राज्य करतं. रेझिस्टर १ मेगचा केला की चित्र उलटतं. ऑफसेटचं सरकणं शंभरपट घटतं, पण ७४१ चा बायस करंट सेकंदाला ०.८ व्होल्ट देतच राहतो, आणि टीएल०८१ जवळपास स्थिर उभी राहते. हा प्रयोग कुठल्याही लेखी व्याख्येपेक्षा ऑफसेट व्होल्टेज आणि बायस करंट यांच्यातला फरक स्पष्ट करतो, तो जरूर करून बघा.

दुसरा दोष जास्त फसवा. इनपुट उणे सप्लायच्या तीन-चार व्होल्ट जवळ गेलं की ही आयसी उलटते: आउटपुट खाली जाण्याऐवजी उडी मारून अधिक सप्लायला चिकटतं. प्लस-मायनस १२ वर काम करताना हे सहसा दिसत नाही. पण कोणी ९ व्होल्टची एकच बॅटरी लावून पिन ३ ग्राउंडच्या आसपास ठेवली की आउटपुट कायम वर. मग आयसी डेड म्हणून फेकली जाते. ती चांगली असते, जागा चुकलेली असते. सिंगल सप्लायला टीएल सिरीज वापरायचीच असेल तर सप्लायच्या मधोमध ग्राउंड तयार करा, आणि ९ व्होल्टच्या खाली जाऊ नका.

सिंगल सप्लायची खरी आयसी एलएम३५८. स्वस्त, कुठल्याही दुकानात मिळणारी, ३ व्होल्टपासून ३२ व्होल्टपर्यंत चालणारी. इनपुट ग्राउंडपर्यंत चालतं. आउटपुट खाली ग्राउंडच्या काही मिलिव्होल्ट जवळ येतं आणि वर सप्लायच्या दीड व्होल्ट खाली थांबतं. ५ व्होल्टवर चालवलीत तर ३.५ च्या वर अपेक्षा ठेवू नका. अर्डुइनोला जोडलेल्या सेन्सरचं रीडिंग ७०० च्या पुढे सरकतच नाही, याचं कारण बहुतेक वेळा हेच. आणखी एक बारकावा: आउटपुट ग्राउंडपर्यंत जातं ते फक्त ५० मायक्रोअँपियरपर्यंतचा करंट ओढायचा असेल तरच. अधिक सप्लायला जोडलेला १० के पुल-अप आउटपुटवर असला की आउटपुट अर्ध्या-पाऊण व्होल्टवर अडतं.

३५८ चं खरं दुखणं क्रॉसओव्हर डिस्टॉर्शन. प्लस-मायनस १२ वर १ किलोहर्ट्झची साइन वेव्ह गेन १० ने वाढवा, लोड २ के ठेवा, आणि शून्य ओलांडताना बघा. तिथे एक छोटी पायरी दिसते, फ्रीक्वेन्सी वाढवाल तशी रुंद होत जाणारी. आउटपुट स्टेज क्लास बी आहे आणि ती ओलांडायला आयसीचा मंद स्ल्यू रेट (०.३ च्या आसपास) पुरा पडत नाही. उपाय एका रेझिस्टरचा: आउटपुटपासून उणे सप्लायला ४.७ के लावा. शून्यावर त्यातून अडीच मिलिअँपियर वाहत राहतात, वरचा ट्रान्झिस्टर कायम चालू राहतो, पायरी नाहीशी होते. मात्र लोड जितका जड, तितका हा रेझिस्टर लहान लागतो. २ के लोडवर आउटपुट साडेतीन व्होल्ट पीकच्या पुढे न्यायचं असेल तर २.२ के घ्या. आयसीतला दुसरा ऑप-अ‍ॅम्प वापरात नसेल तर त्याच्या पिना मोकळ्या सोडू नका. आउटपुट उणे इनपुटला जोडा आणि अधिक इनपुट ग्राउंडला किंवा मधल्या व्होल्टेजला. मोकळ्या इनपुटचा ऑप-अ‍ॅम्प स्वतःशी ऑसिलेट होतो आणि शेजारच्याच्या आउटपुटवर ती कुजबुज उतरते.

ओपी०७ बद्दल थोडक्यात. ऑफसेट ६० मायक्रोव्होल्टच्या घरात. थर्मोकपल, लोड सेल, शंट यांच्यासाठी हीच. के टाइप थर्मोकपल अंशाला ४१ मायक्रोव्होल्ट देतं, म्हणजे ७४१ चा २ मिलिव्होल्ट ऑफसेट जवळपास ५० अंशांची चूक. ओपी०७ ला तीच चूक दीड अंश. वेग मात्र ७४१ पेक्षाही कमी, स्क्वेअर वेव्ह किंवा ऑडिओला उपयोग नाही. ७४१ च्या जागी बसवताना एक धोका लक्षात ठेवा. ७४१ चं ऑफसेट नल (ऑफसेट शून्य करायची जोडणी) पिन १ आणि ५ वर, १० के पॉटची (फिरवायच्या रेझिस्टरची) मधली टांग उणे सप्लायला. ओपी०७ चं पिन १ आणि ८ वर, २० के, आणि मधली टांग अधिक सप्लायला. पॉट तसंच ठेवून आयसी बदललीत तर नलिंग होणार नाही, आणि उलट दिशेने, ओपी०७ च्या पॉटवर ७४१ बसवलीत तर ती जाईल. आयसी बदलण्याआधी पॉट काढा.

छाप खोटी आहे का, हे घरी कसं ओळखावं

लॅमिंग्टन रोड असो, पुण्यातलं पासोड्या विठोबाजवळचं मार्केट असो की ऑनलाइन, स्वस्त लॉटमध्ये एका आयसीवर दुसरीची छाप मारलेला माल येतो. ७४१ ची नक्कल कोणी करत बसत नाही, नक्कल होते ती टीएल०७२, एनई५५३२ आणि ओपी०७ ची. तपासायला सीआरओही लागत नाही, मल्टिमीटर पुरे.

प्लस-मायनस १२ द्या. आउटपुट उणे इनपुटला जोडून फॉलोअर करा. अधिक इनपुटपासून ग्राउंडला १ मेग, म्हणजे तपकिरी-काळा-हिरवा, आणि त्याला समांतर ०.०१ मायक्रोफॅरड, नाहीतर ५० हर्ट्झची गुणगुण रीडिंगमध्ये मिसळते. आता आउटपुटचं डीसी व्होल्टेज वाचा. ७४१ असेल तर रीडिंग उणे येतं, अनेक दहा मिलिव्होल्ट, नमुनेदार आकडा उणे ८०. कारण तिच्या इनपुटला एनपीएन आहेत, ते करंट आत ओढतात आणि पिन ग्राउंडखाली जाते. ३५८ असेल तर रीडिंग अधिक येतं, २० ते ४५ मिलिव्होल्टच्या आसपास, कारण तिथे पीएनपी आहेत आणि करंट पिनमधून बाहेर पडतो. टीएल सिरीजला बायस करंट नगण्य, रीडिंग फक्त तिच्या ऑफसेटचं, काही मिलिव्होल्ट. टीएल०७२ लिहिलेल्या आयसीने अधिक ३० मिलिव्होल्ट दाखवले की आत ३५८ बसलीय हे जवळपास नक्की. नुसत्या चिन्हावरून आतला ट्रान्झिस्टर कुठल्या जातीचा ते कळतं. या चाचणीला प्रॅक्टिकलच्या यादीत जागा मिळायला हवी असं मनापासून वाटतं.

ओपी०७ साठी दुसरी चाचणी. अधिक इनपुट सरळ ग्राउंडला, उणे इनपुटपासून ग्राउंडला १०० ओहम, आउटपुटपासून उणे इनपुटला १०० के. गेन १००१. आउटपुटचे मिलिव्होल्ट म्हणजेच इनपुट ऑफसेटचे मायक्रोव्होल्ट. खरी ओपी०७ १५० मिलिव्होल्टच्या आत राहते. एक-दोन व्होल्ट आले तर छाप खोटी. वायरला हात न लावता, पंखा बंद ठेवून मोजा. इतक्या गेनला ब्रेडबोर्डच्या जोडांमधलं तापमानही आकडा हलवतं.

सप्लाय, ब्रेडबोर्ड आणि बाकी सामान

सर्वांत जास्त आयसी मरतात सप्लायमुळे. दोन ९ व्होल्टच्या बॅटऱ्या घेऊन एकीचा प्लस दुसरीच्या मायनसला जोडा. तो जोड म्हणजे ग्राउंड. प्लस-मायनस ९ वर वरची जवळजवळ सगळी सर्किट्स चालतात, ७४१ चं आउटपुट फक्त ७ व्होल्टच्या आसपास थांबतं. घरी सप्लाय बांधायचा असेल तर १२-०-१२ ट्रान्सफॉर्मर, चार १एन४००७, प्रत्येक बाजूला १००० मायक्रोफॅरड ३५ व्होल्टचा, मग ७८१२ आणि ७९१२. २५ व्होल्टचा कपॅसिटर घेऊ नका. लोड नसताना आणि मेन्स चढलेला असताना तिथे २० व्होल्ट सहज येतात, मोकळीक हवी. इथली नेहमीची चूक म्हणजे ७९१२ ला ७८१२ सारखं लावणं. ७८१२ मध्ये क्रम इनपुट, ग्राउंड, आउटपुट. ७९१२ मध्ये ग्राउंड, इनपुट, आउटपुट, आणि तिची पत्र्याची पाठ इनपुटला जोडलेली असते. दोन्ही एकाच हीटसिंकवर अभ्रकाशिवाय बसवलीत तर निगेटिव्ह बाजू शॉर्ट. पहिल्यांदा चालू करताना आयसी न बसवता पिन ४ आणि पिन ७ च्या जागेवर मल्टिमीटर लावून बघा. सिग्नल नेहमी सप्लायनंतर चालू करा आणि सप्लायच्या आधी बंद करा.

८३० छिद्रांच्या लांब ब्रेडबोर्डवर कडेच्या लाल-निळ्या पट्ट्या अनेकदा मध्येच तुटलेल्या असतात. छापील रेघ मधे खंडित असेल तर तिथे वायरचा पूल द्या. तो नसल्यामुळे अर्ध्या बोर्डला ग्राउंडच नाही, ही तक्रार प्रत्येक बॅचला ऐकू येते. आयसीच्या अगदी पिनजवळ दोन्ही सप्लायला ०.१ मायक्रोफॅरडचे सिरॅमिक लावा. ७४१ त्याशिवाय निभावते, टीएल०८१ निभावत नाही आणि आउटपुटची रेघ जाड, केसाळ दिसू लागते. ती जाडी प्रोब १० पटीवर टाकल्यावर गेली तर दोष प्रोबच्या केबलच्या कपॅसिटन्सचा. आउटपुट आणि केबलमध्ये १०० ओहम घाला.

रेझिस्टर १ टक्क्याचे मेटल फिल्मच घ्या. डिफरन्स अ‍ॅम्प्लिफायरचा सीएमआरआर (दोन्ही इनपुटवरचा समान सिग्नल दाबण्याची क्षमता) मोजताना हे कळतं. गेन १ असताना ५ टक्क्यांच्या चार रेझिस्टरांनी तो वाईटात वाईट २० डीबीपर्यंत घसरतो, १ टक्क्याने ३४ डीबीपर्यंत. आयसीचा स्वतःचा ९० आहे. जर्नलमध्ये ‘७४१ चा सीएमआरआर’ म्हणून जो आकडा लिहिला जातो तो बहुतेक वेळा रेझिस्टरांचा असतो. मल्टिमीटरने दहा-बारा १० के मोजून त्यातले चार जुळते निवडा, आकडा लगेच उडी मारतो. टायमिंग आणि फिल्टरचे कपॅसिटर पॉलिएस्टरचे घ्या. चकतीचे सिरॅमिक तापमानाने आणि व्होल्टेजने बदलतात, वीन ब्रिज ऑसिलेटरची १.५९ किलोहर्ट्झ फ्रीक्वेन्सी त्यांच्यावर कधी सूत्राला जुळत नाही. वीन ब्रिजच्या गेनसाठी १० के आणि त्यावर १८ के अधिक ५ के पॉट ठेवा. पॉट अगदी हळू फिरवायचं, जरा जास्त झालं की टोकं कापलेली, कमी झालं की ऑसिलेशन बंद.

लॅबमधले तयार ट्रेनर किट दोन तासांच्या स्लॉटसाठी ठीक आहेत, घरी घेऊ नका. रेझिस्टर ठरलेले, आयसी आत सोल्डर केलेली, सप्लाय आतून जोडलेला. म्हणजे ज्या तीन गोष्टी चुकून शिकायच्या असतात त्या तिन्ही झाकलेल्या. वापरावाच लागला तर आधी प्रत्येक पॅच कॉर्ड मल्टिमीटरच्या बझरवर हलवून तपासा, आतून तुटलेली कॉर्ड बाहेरून धडधाकट दिसते. उणे इनपुटला जोडलेली कॉर्ड सर्वांत आखूड निवडा.

दोन आयसी मात्र या कामासाठी घेऊ नका. एनई५५३२ ऑडिओला उत्तम आहे, पण दोन्ही इनपुटच्या मध्ये आतूनच उलटसुलट डायोड आहेत. कंपॅरेटर किंवा श्मिट ट्रिगर लावला की इनपुट एकमेकांना धरून ठेवतात आणि थ्रेशोल्ड चुकतात. आणि एमसीपी६००२, जी ५ व्होल्टवर दोन्ही टोकांपर्यंत जाते आणि ३५८ च्याच पिनांवर बसते. तिची सप्लायची कमाल ७ व्होल्ट आहे. प्लस-मायनस १२ च्या बोर्डवर ३५८ च्या जागी ती लावली की पहिल्याच क्षणी जाते, आणि बाहेरून काही दिसतही नाही.